राहतं घर

"पक्की भिंत दिसली की घरकुल कटतं," हे पारावर ऐकल्यापासून छबूबाईच्या जिवाला घोर लागला होता. नवऱ्यानं ऊसतोडीच्या कमाईतून उभारलेल्या विटांच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, पण फोटोत घर पक्कंच दिसलं असतं. म्हणून काल तिनं आणि सुनेनं पत्रे उतरवून पहारीनं सगळ्या भिंती पाडल्या. आज घरकुलाच्या सर्व्हेचा शेवटचा दिवस. पाथर्डीहून आलेल्या साहेबानं मोबाईल वर धरला, तसाच खाली घेतला. "मावशी, राहत्या कच्च्या घराचा फोटो लागतो. इथं घरच नाही, कशाचा काढू?" छबूबाई त्याच्या आडवी आली. "आमी हितंच ऱ्हातो, सायेब!" पण तो गाडीकडं वळला. छबूबाईनं तान्ह्यासकट सुनेला एकट्या उभ्या उरलेल्या दाराच्या चौकटीमागं ओढलं, दाराला आतून कडी घातली आणि ती ओरडली, "सायेब, आता दार वाजवा! आमी घरातच हाय."