साहेबांच्या हाताखालची माणसं

"त्याला सांग, सिग्नल पडल्याशिवाय आमच्या साहेबांनी चहाचा कपसुद्धा कधी ओठाला लावला नाही." प्रभाबाईंनी बागेच्या भिंतीवर कोपर टेकलं.

नऊ वर्षांच्या ईशाने ते इंग्रजीत भिंतीपलीकडे पोचवलं. पलीकडे लोकरीची टोपी घातलेले शेजारचे ग्रीक म्हातारे, स्टेलिओस, मान डोलवत होते. त्यांनी उत्तर दिलं, ते ईशाने आपल्या मोडक्या मराठीत परत आणलं.

"आजी, तो बोलला, त्याचा स्टेशनवर कॉफी. आणि खूप मांजर."

"मांजरं? फलाटावर? आमच्या साहेबांनी कुत्रंसुद्धा फिरकू दिलं नाही, म्हणावं."

आयर्लंडमधल्या डून लेरीत मुलाकडे येऊन प्रभाबाईंना वर्ष झालं होतं. आल्या होत्या तीन महिन्यांसाठी, आणि करोनाने विमानंच बंद पडली. आता २०२१ चा फेब्रुवारी, आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. मुलगा प्रसन्न वरच्या खोलीत कानाला यंत्र लावून, सून रेवती खालच्या खोलीत तसंच यंत्र लावून. दोघंही दिवसभर बोलत असायची, प्रभाबाई सोडून सगळ्या जगाशी. बागेमागून दर थोड्या वेळाने डार्टची, म्हणजे इथली लोकल, गाडी जायची, लखलखीत दिवे आणि आत चिटपाखरू नाही. "रिकामी गाडी कशाला पळवतात मेले," त्या एकट्याच म्हणायच्या.

म्हणून चार वाजले की भिंत.

ऑक्टोबरात त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं होतं, आमचे साहेब स्टेशनमास्तर. कुर्डुवाडीच्या पुढचं लहानसं स्टेशन, पण शिस्त अशी की गाडी आली तर लोकांनी घड्याळ लावावं. दुसऱ्याच दिवशी स्टेलिओस म्हणाले, मीसुद्धा स्टेशनमास्तर होतो.

त्यांचं स्टेशन पालिओमिली नावाच्या गावात. मनुकांची पोती बंदरावर न्यायला शंभर वर्षांमागे रूळ टाकले, अरुंद रुळांची डोंगरातली गाडी. दोन फलाट, मुसाफिरखाना, इंजिनाला पाणी पाजायची टाकी. दिवसाला चार गाड्या, मग दोन, मग एके दिवशी सरकारने सगळंच बंद केलं. आता रुळांत गवत, असं सांगताना म्हाताऱ्याचा आवाज बसायचा.

प्रभाबाईंना ते समजायचं. त्या आपलं सांगायच्या. पॅसेंजर दोनच मिनिटं थांबायची, पण दोन मिनिटांत माणूस काय काय उरकू शकतो ते या लोकांना काय ठाऊक! साहेबांची पँट पांढरीशुभ्र, चहात साखर दोन चमचे, आवाज असा की गार्डसुद्धा दचकावा.

"आजी, साहेबांचं नाव काय?" ईशाने एकदा विचारलं.

"गप. बायकांनी नाव घ्यायचं नसतं."

प्रसन्न तेव्हा पाणी प्यायला खाली आला होता. उघड्या खिडकीतून त्याने ते ऐकलं आणि भरलेला ग्लास तसाच ओट्यावर ठेवला. "मीटिंग आहे," म्हणाला, आणि वर गेला.

शाळा लॅपटॉपवर भरत होती. ईशाच्या बाईंनी प्रकल्प दिला: शेजाऱ्याचं काम. ईशा स्वयंपाकघरात बसून पालिओमिली शोधत होती, प्रभाबाई शेजाऱ्यासाठी बेसनाचे लाडू वळत होत्या.

"आजी, इथे मास्तर नव्हताच."

"काय?"

"कधीच नाही. एकच फलाट, एक पत्र्याची शेड. तिकीट गाडीतला गार्ड द्यायचा. देअर वॉज नोबडी देअर, आजी."

हातातला लाडू वळायचा राहिला.

"तोंडावर खोटं बोलला मेला! चार महिने! माझे लाडू खाऊन!" प्रभाबाईंनी हात पदराला पुसले. "चल. आज त्याची मास्तरकीच काढते. मी बोलेन ते जसंच्या तसं सांगायचं, एक शब्द गाळायचा नाही."

"ही इज ग्रँड, आजी. चांगला आहे तो. जाऊ दे ना."

"चल म्हणते ना!"

स्टेलिओस आधीच येऊन उभे होते. दाढी केलेली, हनुवटीवर नुकतंच कापलेलं. स्वेटरच्या आत टाय. त्यांच्या कोपराखालचा भिंतीचा भाग ओला होता म्हणून ते तो रुमालाने पुसत होते, आणि मग प्रभाबाई टेकायच्या तिथेही त्यांनी पुसलं.

"तो बोलतोय, आज तो बर्फात ट्रेन अडकला ती गोष्ट सांगणार," ईशा हळूच म्हणाली.

म्हाताऱ्याच्या मागे त्याच्या स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. टेबलाला एकच खुर्ची. टेबलावर एकच कप.

प्रभाबाईंच्या जिभेवर सगळं तयार होतं. पण आत्ता बोललं की उद्या चार वाजता हा माणूस भिंतीशी येणार नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं. मग पुन्हा आपलं तेच स्वयंपाकघर, आणि दोन दारांआड मुला-सुनेच्या दोन मीटिंगा.

"आजी, काय विचारू?"

प्रभाबाईंनी पुसलेल्या जागी कोपर टेकलं.

"विचार... विचार, त्यांच्या हाताखाली माणसं किती होती?"

स्टेलिओस ताठ झाले. त्यांनी बोटं वर केली. सात.

"सात! म्हणजे बरंच मोठं स्टेशन की," प्रभाबाई म्हणाल्या. "आमच्या साहेबांच्या हाताखाली नऊ."

ईशाने वहीत लिहायला घेतलं आणि पेन थांबवलं. आता तिला कुणाचाच भरवसा वाटत नव्हता. "खरंच नऊ, आजी?"

"खरंच म्हणजे? रुळांचे सांधे बदलणारा गुरुनाथ पॉइंट्समन, मोरेश्वर पोर्टर, तिकिटाच्या खिडकीतला दिलीप... झोपेतून उठवलंस तरी नऊच्या नऊ नावं सांगेन."

आणि त्यांनी सांगितलीही, एकही न चुकता. तीस वर्षं पेरूची पाटी डोक्यावर घेऊन फलाटावर शिरणाऱ्या प्रभाबाईंना रोज हुसकावून लावणारे ते नऊ जण; आणि दहावे, खुद्द साहेब.