खारूताईचा आवाज

चित्रपट संपताच इंदुमतीबाई सुनेचा, शाल्मलीचा हात धरून प्रेक्षागृहाच्या दाराशी थांबल्या. जुन्या कार्टूनमधल्या खारूताईला त्यांनीच आवाज दिला होता. या चित्रपटात तो शाल्मलीने दिला होता.

“गाणी फार घातली आहेत,” एक गृहस्थ म्हणाले.

“पण मुलं जागची हलली नाहीत हो!” त्यांच्या पत्नीने बजावले. आवाजाविषयी मात्र कोणीच बोलेना.

तेवढ्यात एक आजोबा म्हणाले, “आमची खारूताई जास्त खणखणीत बोलायची.” शाल्मलीने मान खाली घातली.

“ती टीव्हीतली होती, आजोबा,” त्यांची नात उसळून म्हणाली. “ही माझ्याशीच बोलत होती!”

शाल्मलीने संकोचून सासूबाईंकडे पाहिले. त्या मनापासून हसत होत्या.

“चल, इतक्या वर्षांनी मला कुल्फी खाऊ दे,” त्या म्हणाल्या. “घसा आता तू सांभाळायचास.”