धरलं का?

नाही धरला.

तिने काचपट्टी पुन्हा भिंगाखाली सरकवली. जणू आत्ता बघितली ती दुसऱ्याच कुणाची होती. उंदराच्या गर्भाचा पुढचा पाय, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापलेला. कूर्चा दिसत होती, उद्याच्या हाडाचा कच्चा आराखडा. तिच्या कडेला रक्तवाहिन्या येऊन थबकलेल्या. सगळं जागच्या जागी. आणि सगळं कोरंच्या कोरं.

शेजारच्या पट्टीवर दुसऱ्या एका जनुकाचा जांभळा रंग ठसठशीत बसला होता. म्हणजे रसायनं ठीक, हात ठीक. तिचंच जनुक तेवढं मुकं.

जनुक प्रत्येक पेशीत असतं, पण बोलतं ठरल्या जागी, ठरल्या वेळी. बोललं की तिथे रंग धरतो. तिचं म्हणणं असं, की हेच जनुक रक्तवाहिनीला कूर्चेत बोलावून घेतं. रक्त आत शिरलं की मग हाड धरतं. हे तिने इतक्यांदा, इतक्या लोकांपुढे सांगितलं होतं की आता तिला स्वतःलाच ते ऐकीव वाटायला लागलं होतं.

सर दुपारी दारातूनच बोलून गेले होते. फ्रीझरमध्ये शेवटचे काप उरलेत. आजही रंग धरला नाही, तर ते तिने लावायचे की दुसऱ्या कुणाला द्यायचे, हे तिनेच ठरवावं. संध्याकाळी सांगावं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता सर समोरच्या खोलीत पिशवी भरत होते.

तिचं उत्तर तयार होतं. सोडते, सर. घरी बाबा एकटे असतात, त्यांचा पाय

(हे वाक्य ती इथेच तोडायची. पुढचं ऐकणारा स्वतःच पुरं करायचा आणि वर तिची कीव करायचा.)

बाबांनी उभी हयात बस चालवली, घाटातल्या वळणांवर कधी साधं खरचटलंही नाही. निवृत्त झाल्यावर बल्ब बदलताना स्टुलावरून पडले. नडगी मोडली. दोनदा प्लास्टर झालं, हाड काही जुळेना. वय झालंय, रक्त पोचत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर बाबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, की आमची उंदीरमामी यावरच तर काम करते. फक्त तिच्याकडे उंदरांचा नंबर आधी, बापाचा मागून.

रोज संध्याकाळी दोघांचा फोन, आणि दोघांचा प्रश्न एकच. धरलं का? तिने हाडाचं विचारायचं, त्यांनी रंगाचं. रंग, नाही. हाड, नाही. जेवलीस का, हो. मग दोघंही थोडं हसायची.

आज त्यांचा एक्स-रे होता.

फोन वाजला.

"धरलं," बाबा म्हणाले.

तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी, टेकायला धरलेली भिंत कुणी काढून घ्यावी तसं झालं. घरी जायचं कारणच गेलं. तिला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टर खूश आहेत, बाबा सांगत होते. लवकरच हातात काठी, आणि काठीही फार दिवस ठेवणार नाही. त्यांच्या मागे पाणी टपटपत होतं. कसलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, नळाचं वायसर गेलंय.

"तुझं?"

त्यांच्या आनंदावर विरजण घालायला तिचा जीव होईना.

"धरलं, बाबा."

पलीकडे पाणी टपटपत राहिलं.

"रंग धरला," बाबा सावकाश म्हणाले, "मग घसा का धरलाय तुझा?"

समोरच्या खोलीतला दिवा बंद झाला. सरांच्या चपला वाजल्या आणि तिच्या दाराशी येऊन थांबल्या.

"नाही धरला," ती म्हणाली. "मी सोडतेय, बाबा. घरी येते. तसंही तुमचा पाय"

वाक्य नेहमीच्या जागी तुटलं. पण आज ते पुरं करणारं कुणी नव्हतं. पाय तर जुळला होता.

"काही उरलेत का लावायचे?"

"शेवटचे."

"मग परत लाव."

ती चिडली. सांगणं सोपं असतं, म्हणाली. परत तेच लावायचं, परत वाट बघायची, परत कोरं बघायचं. ज्याचं धरलं त्याला यातलं काय कळणार.

इतका सरळ टोमणा बाबांनी आजवर कधी उत्तरावाचून जाऊ दिला नव्हता. पाण्याचा आवाज तेवढा थांबला, आणि फोनच्या अगदी जवळून एक अनोळखी, दमलेला आवाज म्हणाला,

"काका, पाय हलवू नका. प्लास्टर ओलं आहे अजून."