हात वर धरून

पाठीचं हाड मोडून एवारिस्तो अंथरुणाला खिळला होता, म्हणून त्यांच्या लाडक्या बँडच्या कॉन्सर्टला धाकटा भाऊ लिसांद्रो पहिल्यांदाच एकटा निघाला. थोरल्याचं एकच मागणं होतं. "शेवटच्या गाण्याला मला फोन लाव आणि हात वर धरून ठेव. गाणं संपेपर्यंत. एवढं कर माझ्यासाठी."

पण ला प्लाता शहराकडे जाणाऱ्या बसमध्येच पोरांनी गाण्यांचा धिंगाणा सुरू केला, खिडकीतून जुन्या चादरीवर रंगवलेला त्यांच्या सोलानो वस्तीचा झेंडा फडफडायला लागला, आणि ते सगळं टिपता टिपता स्टेडियमच्या फाटकाआधीच लिसांद्रोच्या फोनने मान टाकली. शेजारी उभ्या कुणाचा तरी फोन मागता आला असता. पण शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा तो गर्दीत बेभान उड्या मारत होता. भावाची आठवण झाली ती थेट परतीच्या बसमध्ये.

सकाळी तो चोरपावलांनी घरात शिरला, तर एवारिस्तो जागाच. छातीवर फोन.

"काय वाजवलं रे त्यांनी! गिटार सुरू झाली आणि अंगावर काटा आला बघ. मध्येमध्ये तूच जास्त बोंबलत होतास, गाढवा."

लिसांद्रोने खरं सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं भलतंच. "हात भरून आला होता, पण खाली नाही केला."

एवारिस्तोने छातीवरचा फोन उचलून उशाशी ठेवला.

"दमला असशील. जा, झोप आता," तो मायेने म्हणाला. "आणि फोन चार्जिंगला लाव. काल दुपारपासून बंद लागतोय."