अकरावी बॅटरी

मीटरचा काटा बरोबर नव्वदवर स्थिरावला. नऊ-नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकमेकींना जोडून कमलाकांतांनी वडिलांचा, काचेच्या व्हॉल्व्हचा, बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ शिवाजी पार्कच्या घरात पुन्हा सुरू केला होता.

"आवाज फारच बारीक आहे," असं म्हणत त्यांनी अकरावी बॅटरी जोडली. मग बारावी उचलली.

"अहो, व्हॉल्व्ह जळतील! पुन्हा कुठे मिळायचे नाहीत," त्यांची बायको सुमती कानाशी येऊन ओरडली. "तीन वर्षं सांगतेय, आधी कानाचं यंत्र घ्या."

"कानात बॅटरी घालून फिरायला मी काय खेळणं आहे?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची मेघना दारात आली. दोन्ही कानांत बोटं.

"काका, हळू करा ना! माझी ऑनलाइन मीटिंग चालू आहे. ऑफिसातले विचारतायत, बातम्या कोण देतंय?"

कमलाकांतांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. मग हातातल्या बाराव्या बॅटरीकडे. ती खाली ठेवून त्यांनी अकरावीही काढून ठेवली.



"सुमती, घेऊ या ते यंत्र. एका कानाला एकच बॅटरी पुरते ना?"