पाचवी बशी

बशीवर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. तरी पाचवी बशी समोर आली तशी तिने ओळखली. पिवळसर गर, सालीवर एकही खोल डोळा नाही. नवीचा बटाटा.

ती पोरगी संशोधन केंद्रात येऊन तीन वर्षं झाली तरी सगळे तिला नवीच म्हणत. आज नवी बटाटे उकडायला आणि वाढायला होती. सहा वाणं, सात परीक्षक, मीठ नाही. एक घास, एक घोट पाणी, मग पुढची बशी. ज्याला गुण जास्त ते एकच वाण यंदा बाहेरच्या शेतांवर चाचणीला जाणार, बाकीच्यांनी परत रांगेत उभं राहायचं. एक परीक्षक तापाने घरी होता, म्हणून विभागप्रमुखांनी हिला त्याच्या जागी बसवलं. नावं झाकलेलीच आहेत, कुणाचं कुठलं कुणाला कळतंय, असं ते म्हणाले.

हिला कळत होतं. दुसरी बशी हिची स्वतःची. त्या वाणामागे हिची अकरा वर्षं गेली होती. चिमट्याने फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, त्या बियांची हजारो रोपं लावायची आणि करपा रोग कुणाकुणाला गाठतो ते बघत बसायचं. नवी मात्र रोपाच्या पानाचा नखाएवढा तुकडा घेई, डीएनए तपासे आणि करप्याला बळी पडणारी रोपं कुंडीतच बाद करी. हिची बाळंतपणाची रजा संपेपर्यंत नवीचं वाण शेवटच्या सहांत येऊन बसलंसुद्धा. पोरीचे पाय पाळण्यातच दिसले, असं विभागप्रमुख भेटेल त्याला सांगत होते.

तिने घास घेतला.

जिभेवर ठेवताच विरघळला. मागे किंचित गोडसर चव राहिली. तिने पाण्याचा घोट घेतला नाही. कागदावर पाचव्यासमोर दोन लिहिले, दहापैकी. त्या दोनाची शेपटी जरा लांबच गेली.

कागद गोळा झाले. विभागप्रमुख खिडकीपाशी बेरीज करत बसले. सकाळी बाळाला पाजून ती तशीच धावत निघाली होती, त्या सहा घासांखेरीज पोटात अन्नाचा कण नव्हता. बेरीज होईतो, आणि नंतरही, तिच्या हातातला काटा-चमचा पाचव्या बशीकडे जात राहिला.

तीन गुणांनी तिचं वाण पुढे गेलं. पाचव्याला कुणीतरी दोन दिलेत, जीभ घरी विसरून आले होते की काय, असं विभागप्रमुख म्हणाले. सगळे हसले. तीही हसली. मग सगळे तिचं अभिनंदन करायला उठले. नवीनेही केलं, नीट तिच्याकडे बघून.

नवी बशा उचलू लागली. प्रत्येक बशीत एकेका घासाचा खड्डा पडलेला बटाटा तसाच होता. हिच्यापुढची पाचवी बशी तेवढी रिकामी होती. नवी थांबली. तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्हाला तरी आवडला ना, ताई," ती हळूच म्हणाली. "आत अजून आहेत. आणू?"

नको म्हणायला तिने तोंड उघडलं. तोंडात अजून घास होता.