किरकिरी

मुलांनो, आणा बरं डोळ्यांसमोर: कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, रुग्णांना गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप, आणि गटात ते तपासणारी एक मुलगी, जिला सगळे 'किरकिरी' म्हणत.

"फोन बंद करून चालू केला, की हे घेतलेली गोळी पुन्हा घ्यायला सांगतंय," ती म्हणाली.

"किरकिरे, तू आमच्या बाजूने आहेस की परीक्षकांच्या?" गटप्रमुख खेकसला. सरांना सांगून गटातल्यांनी तिला दुसऱ्या गटात धाडलं. तिच्या माघारी कुणी काही तपासलंच नाही. परीक्षक खूश झाले. "एकाही चुकीची नोंद नाही? वा! आत्तापर्यंत तुमचाच पहिला नंबर!"

दुसऱ्या दिवशी नव्या गटाने तिला विचारलं, "बघ गं, आमच्यात काही चुकतंय का?"



तिने समोरची चूक नीट पाहिली आणि ती हसून म्हणाली, "छे! एकदम झकास."